मागच्या बंपरमधला वारा

लिएपायात वारा जन्मतो, असं आमच्याकडे म्हणतात.
जन्मत असेल. राहायला मात्र
माझ्या गाडीत येतो.

अठ्ठ्याण्णव सालची हिरवी सिविक,
दारांच्या खालच्या कडा मिठाने कुरतडलेल्या.
नव्वदच्या पुढे काटा गेला की
मागून कुणी कोटाची बाही धरल्यासारखी
घुटमळते.
इंजिन बदलून झालं, टायर बदलून झाले.
विज़्मा म्हणाली, आता ड्रायव्हर बदल.

शेवटी बंपर काढला, गॅरेजच्या बाकावर
उलटा ठेवला आणि पाहतच राहिले:
हा बंपर कसला, ही तर झोळी.
गाडीखालून आलेली हवा हिच्यात शिरायची
आणि बाहेरची वाटच नाही.
तळाशी लिंडनची पानं, कुजून चहाच्या चोथ्यासारखी,
धक्क्यावरच्या गव्हाचे पाच-सहा दाणे
(माझ्याच कामाच्या बुटांतून पडलेले असणार),
उंदराने ठेव म्हणून लपवलेली हेझलची फळं,
आणि एक निळं बूच, ज्याची बाटली
मी कधीच प्यायले नाही.

आन्सिसकाकाला बोलावलं.
चाळीस वर्षं त्याने शिडं शिवली.
डाव्या पंजाला अजून त्या चामडी पट्ट्याचा वळ आहे.
त्याने चष्मा लावला नाही.
अंगठा आतल्या कडेवरून फिरवत नेला,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.
"पोरी, हे शीड आहे," म्हणाला.
"आणि चांगलं उतरलंय. तीच तर पंचाईत."

कापण्याआधी वाऱ्याला विचारायचं, ही त्याची अट.
विज़्माचा एक हातमोजा जोडीदाराविना पडून होता,
लाल, कडेला पांढऱ्या चांदण्या.
तो उसवून बोटभर लांबीचे चोवीस धागे
बंपरवर चिकटपट्टीने लावले.
ग्रोबिन्याच्या रस्त्यावर मी पुढे,
विज़्मा मागच्या गाडीत, तिच्या शेजारी काका, हातात फोन.
नंतर पाहिलं: वरचे धागे शहाण्यासारखे मागे झुकलेले,
खालचे मात्र वारं प्यालेल्या वासरांसारखे
वाट्टेल तिकडे उधळलेले.
काका ते चित्रण तीनदा बघून म्हणाला,
"इथून. इथपर्यंत."

रेघ त्यानेच मारली, खडूने.
सरळ नाही, किंचित पोट असलेली.
सरळ रेघ सुताराला लागते, म्हणाला,
वाऱ्याला कोपरे आवडत नाहीत.
मी जिगसॉ चालवली.
तापल्या प्लास्टिकचा वास दोन दिवस केसांत राहिला.
डावी बाजू चार मिलिमीटर जास्त गेली.
कानशीने घासघासून उजवीला तिच्यापर्यंत आणलं,
मग उजवी जास्त झाली, मग पुन्हा डावी.
काका खुर्चीत बसून होता.
"आयुष्यभर वारा धरून ठेवायचे पैसे घेतले,"
त्याने एकदाच म्हटलं,
"सोडून द्यायचे कुणी दिले नाहीत."
मी म्हटलं, मीही देणार नाहीये.
तो इतका हसला की खोकला लागला.

जाळी बसवली, रिवेट मारले, कडेला काळा रंग.
विज़्मा लांबून बघून म्हणाली, बोळकं दिसतंय.
मग जवळ येऊन: पण हसरं.
मला तर ते देखणं वाटतं.
धुतल्यावर उगाच मागे जाऊन उभी राहते.

पेट्रोल वाचलं का? नाही, तितकंच लागतं.
वेगही, खरं सांगायचं तर, जेमतेम.
पण ती बाही धरणारी बोटं सुटलीत.
एकशे दहाला आता गाडीत
माझाच श्वास मला ऐकू येतो,
त्याची सवय व्हायला वेळ लागला.

पुन्हा धागे लावले, पुन्हा तोच रस्ता.
तेवीस आडवे, विंचरल्यासारखे.
एक, एक्झॉस्टजवळचा, तसाच गरगरत होता.
"तिथे अजून थोडं कापू?" मी विचारलं.
काकाने फोन परत दिला,
टोपी कानांवर ओढली.
"राहू दे," म्हणाला, "त्याचंही गाव आहे हे."

तो धागा मी काढलेला नाही.